मक्याच्या देशातील वर्धेकर : डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे

जबलपूर आणि वर्धा ही दोन गावे आज दोन वेगळ्या राज्यांत आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ती एकाच प्रांतात होती. नागपूर ही दोघांची राजधानी होती, आणि नागपूरच्या कृषी खात्याचे हुकूम जसे वर्ध्याच्या कापसाला लागू होत तसेच जबलपूरच्या गव्हालाही. सदर, गोलबाजार, राइट टाउन या भागांत स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांची मुळे नागपूर-वऱ्हाडाकडची आहेत, ती या जुन्या एकत्र नांदण्यामुळेच. त्या जुन्या मध्य प्रांताने देशाला जी माणसे दिली, त्यांतील सर्वांत विलक्षण आयुष्य लाभलेल्या व्यक्तींमध्ये डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची गणना करावी लागेल. इंग्रज सरकारने त्यांना बंडखोर म्हणून ओळखले, मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी शिक्षक म्हणून ओळखले. स्वतःच्या प्रांताने मात्र त्यांना उशिरा आणि अर्धवटच ओळखले.

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातील. बालपण वर्ध्यात गेले, पुढचे शिक्षण नागपुरात झाले. आजोबांकडून सत्तावनच्या उठावाच्या गोष्टी ऐकत ते वाढले. घरची परिस्थिती सामान्य होती. मुलगा शिकावा, नोकरीला लागावा, घर सांभाळावे, ही त्या काळच्या कोणत्याही बापाची इच्छा त्यांच्या वडिलांचीही होती. पण लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखाली आलेल्या त्या पिढीतील मुलांची पावले शाळेच्या वाटेवर टिकत नसत. पांडुरंगाला सैनिकी शिक्षण हवे होते, आणि हिंदुस्थानात ते मिळणे शक्य नव्हते. लोकमान्यांच्या सल्ल्याने, पदरी जवळपास काहीही नसताना, वंगभंगाच्या चळवळीच्या त्या दिवसांत ते बोटीने देशाबाहेर पडले. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. सॅन फ्रान्सिस्को शहर १९०६ च्या भूकंपातून नुकतेच सावरत होते. या तरुणाने मिळेल ती मजुरी केली, आणि त्या मजुरीवरच तमालपाइस येथील सैनिकी विद्यालयात प्रवेश मिळवला.

पुढे ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील कृषी महाविद्यालयांत त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले. बंदूक शिकायला गेलेला मनुष्य नांगराकडे कसा वळला, याचे आश्चर्य वाटू नये. दुष्काळाने पोळलेल्या प्रांतातून ते आले होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांताने जे भोगले, त्याची आठवण त्या पिढीच्या हाडीमांसी मुरलेली होती. नुसते राज्य घेऊन भागणार नाही, घेतलेल्या राज्यात लोकांना खायला घालावे लागेल, हे ज्या थोड्या क्रांतिकारकांना आधीच उमगले होते, त्यांत खानखोजे होते.

वॉशिंग्टनमधील पुलमन हे ज्या प्रदेशात वसले आहे, तो गव्हाचा कोरडवाहू प्रदेश. त्या ठिकाणी विल्यम स्पिलमन नावाच्या प्राध्यापकाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गव्हाच्या जातींचे संकर केले होते, आणि पुढच्या पिढीत आईबापांची लक्षणे ठरावीक प्रमाणात विभागून येतात हे मेंडेलच्या निबंधाचा पत्ता नसतानाही स्वतंत्रपणे पाहिले होते. १९०० साली मेंडेलचे विस्मृतीत गेलेले काम युरोपात पुन्हा उजेडात आले आणि वंशशास्त्र हे नवे शास्त्र जन्माला आले. म्हणजे खानखोजे तेथे पोहोचले तेव्हा हे शास्त्र दहा-बारा वर्षांचे पोर होते. बियाण्याच्या पोटात काय दडलेले असते, ते हेतुपूर्वक जुळवता येते का, आणि एकच बी एका शेतात भरभरून पिकते व दुसऱ्यात रोडावते ते कशामुळे, हे प्रश्न तेथील शेतांतून प्रत्यक्ष विचारले जात होते.

याच काळात त्या किनाऱ्यावरील लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतमळ्यांत हजारो पंजाबी मजूर राबत होते. त्यांच्या वस्त्यांमधून खानखोजे हिंडले. पंडित काशीराम, सोहनसिंग भकना यांसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी संघटना बांधली. १९१३ साली त्यातून गदर पक्ष उभा राहिला. लाला हरदयाळ यांनी पक्षाच्या पत्राची बाजू सांभाळली, तर प्रत्यक्ष लढ्याच्या तयारीची बाजू खानखोजे यांच्याकडे आली. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हा तरुणही याच वर्तुळात होता.

पहिले महायुद्ध सुरू होताच गदरच्या माणसांनी मायदेशाची वाट धरली. पिंगळे पंजाबात आले. फेब्रुवारी १९१५ मध्ये छावण्याछावण्यांतील देशी पलटणींना एकाच दिवशी उठवण्याचा रासबिहारी बोस यांचा बेत होता, आणि त्या बेतात आपल्या सदरला लागून असलेली जबलपूरची छावणीही होती, ही गोष्ट येथील फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. जबलपूरच्या शिपायांना वळवण्याचे काम नलिनी नावाच्या एका बंगाली तरुणाकडे सोपवले होते, अशी नोंद १९१८ च्या राजद्रोह समितीच्या अहवालात आहे. बेत आधीच फुटला. पिंगळे मीरतच्या छावणीत पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर चढले.

खानखोजे यांनी दुसरी वाट धरली होती. तुर्कस्तानातून, बगदादमार्गे ते इराणात उतरले. तेथील टोळ्यांना हाताशी धरून बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानात शिरायचे, असा त्यांचा विचार होता. वेषांतर केलेला, मुसलमानी नाव धारण केलेला हा वर्धेकर इराणच्या डोंगरवाळवंटांत इंग्रजांच्या तुकड्यांशी लढला, पकडला गेला, निसटला, पुन्हा लपला. या वर्षांचा तपशील जेवढा रोमहर्षक तेवढाच तुटक आहे, आणि त्यावर रचलेल्या कथाही पुष्कळ आहेत. निश्चित एवढेच की युद्ध संपले तेव्हा सोबती पांगले होते, काही मेले होते, आणि सरहद्दीपलीकडचा देश पूर्वीइतकाच दूर होता. बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांत ते सामील झाले. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासह १९२१ साली मॉस्कोला गेलेल्या मंडळींत ते होते. तेथूनही हाती फारसे काही आले नाही. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव पक्के झाल्यामुळे मायदेशाचे दार बंद झाले होते. वय चाळिशीकडे झुकलेले, घर नाही, देश नाही, आणि हाती असलेले एकमेव धन म्हणजे अमेरिकेत शिकलेले शेतीशास्त्र. १९२४ साली ते मेक्सिकोत दाखल झाले.

मेक्सिकोची निवड योगायोगाची नव्हती. कॅलिफोर्नियात असतानाच त्यांची मेक्सिकन मजुरांशी ओळख झाली होती, आणि १९१० साली सुरू झालेल्या त्यांच्या क्रांतीकडे ते लक्ष ठेवून होते. एमिलियानो सापाता याने जमीन कसणाऱ्यालाच मिळावी म्हणून लढा दिला. तो १९१९ साली मारला गेला, पण १९१७ च्या राज्यघटनेने जमिनीच्या फेरवाटपाला मान्यता दिली होती. पिढ्यान्पिढ्या जमीनदारांच्या वाड्यांवर राबलेल्या आदिवासी कुळांच्या हाती आता थोडी जमीन येत होती. मात्र बी कोणते पेरावे, खत कोठून आणावे, रोगाला काय करावे, हे सांगणारे कोणी नव्हते. राजधानीपासून जवळच टेस्कोको परिसरात चापिंगो येथे राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतेच एका जुन्या हासिएन्दाच्या, म्हणजे जमीनदाराच्या वाड्याच्या, आवारात आले होते. तेथे खानखोजे प्राध्यापक झाले. परक्या भाषेत शिकवायचे होते. स्पॅनिश त्यांनी आत्मसात केली, आणि पुढचे बरेचसे लेखनही त्याच भाषेत केले.

चापिंगोची शेते समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहेत. जबलपूरची उंची जेमतेम चारशे मीटर, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. पाऊस चार-पाच महिनेच. त्याच्या आधी कोरड, आणि नंतर थंडी इतकी लवकर येते की दाणा भरण्याआधीच दहिवर कणीस जाळून टाकते. पलीकडे आटलेल्या सरोवराची खारवट जमीन. खाली किनारपट्टीकडे उतरावे तर दमट उष्ण हवा आणि वेगळेच रोग. एका डोंगरउतारावर शंभर वर्षे उत्तम पिकणारे मक्याचे बी पलीकडच्या खोऱ्यात नेले की ताट वाढते, पण कणीस धरत नाही. मेक्सिकोत मक्याचे सुमारे साठ देशी वंश आहेत, आणि प्रत्येकाने आपापली उंची, आपापला पाऊस आणि आपापली माणसे निवडलेली आहेत.

पीकसंशोधनातला अवघड भाग तो हाच. शेतकऱ्याला उत्पन्न दिसते. ते उत्पन्न बियाण्याच्या गुणामुळे आले, की जमिनीच्या कसामुळे, की त्या वर्षीच्या पावसामुळे, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. एका वर्षी एका शेतात जे वाण पहिले आले, ते दुसऱ्या वर्षी दुसऱ्या शेतात शेवटचे येऊ शकते. म्हणून तेच वाण अनेक वाफ्यांत, अनेक ठिकाणी आणि अनेक हंगाम पेरून पाहावे लागते, आणि त्या आकड्यांतून बियाण्याचा वाटा, हवामानाचा वाटा आणि त्या दोघांच्या जुळण्या-न जुळण्याचा वाटा वेगळा काढावा लागतो. हे वेगळे काढण्याचे गणित इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर १९२० नंतरच्या वर्षांत मांडत होते. आपल्याकडे ते रुजवण्यात दोन मराठी माणसांचा मोठा हात आहे, हे येथे ओघाने सांगायला हवे. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा कृषिसंख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि भारतभरच्या कृषी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. पानसे यांची कर्मभूमी बराच काळ इंदूर होती.

मक्याच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. गव्हाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे चांगली ओंबी निवडली की तिचे बी बहुतांशी तिच्यासारखेच निघते. मक्याचे तसे नाही. तुरा वर, कणीस खाली, आणि मध्ये वारा. कणसाच्या प्रत्येक केसावर कोणत्या ताटाचा पराग येऊन पडेल याचा नेम नसतो, म्हणून एकाच कणसातले दाणे आईकडून भाऊ असले तरी बापाकडून निरनिराळे असू शकतात. हवा तो संकर करायचा तर तुरा कापावा लागतो, कणसाला पिशवी बांधावी लागते, दुसऱ्या ताटाचा पराग हाताने आणून झटकावा लागतो, आणि त्याची नोंद ठेवावी लागते. हे काम कष्टाचे, उन्हातले आणि अजिबात गाजावाजा नसलेले आहे. इराणच्या डोंगरांत रायफल घेऊन फिरलेला मनुष्य पन्नाशीपर्यंत हे काम करीत राहिला.

मक्याच्या शेतांच्या बांधांवर मेक्सिकोत तेओसिंते नावाचे एक रानगवत उगवते. मूळ नाहुआत्ल शब्दाचा अर्थ देवाचे कणीस असा सांगतात. पण या देवाच्या कणसात दाणे जेमतेम पाच ते बारा, तेही दगडासारख्या कवचात, आणि हाताने धरावे असे खरे कणीसच नाही. मात्र झुडपाला फांद्या पुष्कळ, आणि प्रत्येक फांदीवर अशी कणसुली अनेक. हे गवत मक्याशी सहज संकर पावते. तेच मक्याचे मूळ आहे की केवळ नातेवाईक, यावर त्या काळात मोठा वाद होता. अमेरिकेतील जॉर्ज बीडल एका बाजूला, तर मँगल्सडॉर्फ आणि रीव्ह्ज दुसऱ्या बाजूला. आज तेओसिंतेच मक्याचे पूर्वज, आणि सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या बाल्सास खोऱ्यातील माणसांनी ते हळूहळू माणसाळवले, असे मानले जाते. खानखोजे यांनी हा वाद सुटण्याची वाट पाहिली नाही. तेओसिंतेची अनेक कणसे धरण्याची सवय आणि मक्याचा टपोरा दाणा यांचा मेळ घालता येईल का, हे त्यांनी शेतातच तपासायला घेतले. एका ताटाला अनेक कणसे धरणारा संकर त्यांनी मिळवला. पुढे जणू हाताची बोटे फुटावीत तसे फांद्या फुटलेले कणीस असणाऱ्या एका मक्याचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यावरचा ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध केला. त्या मक्याचे नाव ग्रानादा, म्हणजे डाळिंब. दुष्काळाला व थंडीला टिकणारे गहू शोधण्याचे कामही त्यांनी केले.

या प्रयोगांचे मोल करताना डोळस राहिले पाहिजे. अनेक कणसांचा मका पाहणाऱ्याला थक्क करतो, छायाचित्रात तर तो फारच शोभतो, पण ताटाला कणसे वाढली म्हणून एकराला धान्य त्याच प्रमाणात वाढते असे नाही. ताटाजवळचा अन्नरस तेवढाच असतो. तो दहा कणसांत वाटला की प्रत्येक कणसाच्या वाट्याला कमी येतो. पुढच्या काळात जगभर मक्याचे उत्पन्न वाढले ते वेगळ्या मार्गाने : दाट पेरले तरी न कोमेजणारी, प्रत्येकी एखादेच पण भरलेले कणीस देणारी ताटे निवडून. त्यामुळे ग्रानादा मका आज सर्वत्र पिकतो असे कोणी लिहिले तर ती भक्तीची अतिशयोक्ती ठरेल. तरीही जंगली नातेवाइकाच्या रक्तातून लागवडीच्या पिकाला उपयोगी गुण आणता येतात, ही दृष्टी त्यांनी त्या काळात धरली होती. आज रोगप्रतिकारासाठी आणि दुष्काळ सोसण्यासाठी जगातल्या संशोधन केंद्रांत हेच केले जाते.

प्रयोगशाळेत सुधारलेले बी गावात पोहोचले नाही तर ते कशाला, हा खानखोजे यांचा कायमचा प्रश्न होता. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मुक्त कृषिशाळा सुरू केल्या. गरीब शेतकऱ्यांसाठी, विनाशुल्क, गावातच. एका शाळेला त्यांनी एमिलियानो सापाता याचेच नाव दिले. दिवसभर राबणारा माणूस वर्गात येऊन बसणार नाही, म्हणून शाळाच त्याच्या शेताशी न्यायची, अशी ती कल्पना. चित्रकार दिएगो रिवेरा या शाळांच्या कामात सहभागी होते, आणि मूळच्या इटालियन छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी खानखोजे यांच्या प्रयोगांची छायाचित्रे घेतली. रिवेरा त्याच वर्षांत चापिंगोच्या जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंती रंगवत होते. पुढे मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत १९२८ साली त्यांनी रोजच्या भाकरीवरचे एक भित्तिचित्र काढले. भोवती सर्व वर्णांची माणसे बसलेली, आणि मधोमध बसून पाव मोडून वाटणारा जो सावळा पुरुष आहे तो म्हणजे पांडुरंग खानखोजे, असे मानले जाते. आपल्या प्रांतातल्या किती माणसांची चित्रे परदेशातील सरकारी भिंतींवर आहेत, हे मोजायला एका हाताची बोटेही जास्त होतील.

१९३६ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, बेल्जियमच्या जीन सिंदिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. मेक्सिकोत वाढणाऱ्या मुलीचे नाव सावित्री ठेवणाऱ्या माणसाच्या मनात वर्धा किती जिवंत होते, हे वेगळे सांगायला नको. सुमारे तीन दशके त्यांनी त्या देशात काढली. मान होता, काम होते, विद्यार्थी होते. नव्हता तो मायदेश.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण खानखोजे यांच्यासाठी दार लगेच उघडले नाही. इंग्रज गेले तरी त्यांच्या याद्या कचेऱ्यांत राहिल्या होत्या, आणि ज्या नावासाठी ती यादी केली गेली ते नाव आता कोणाचे आहे हे तपासण्याची कोणालाच निकड वाटली नव्हती. ज्या स्वातंत्र्यासाठी हद्दपारी पत्करली, ते मिळाल्यावरही त्याच हद्दपारीचा कागद आडवा यावा, यापरती विटंबना ती कोणती! अखेर १९४९ च्या सुमारास मध्य प्रांत सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले आणि ते आले.

प्रांताला अशा माणसाची गरज किती होती, हे जबलपूरकरांना समजणे सोपे आहे. येथील हवेली भागात पावसाळ्यात बांध घालून शेतात पाणी तुंबवून ठेवायचे, पावसाळा सरताना ते सोडायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, ही जुनी पद्धत. काळ्या जमिनीला ती उत्तम जुळते. पण ओल, ढगाळ हवा आणि एकाच प्रकारचा गहू मैलोन्मैल उभा, ही स्थिती तांबेऱ्याला आवतणच. नर्मदेच्या खोऱ्यातील गव्हाला तांबेऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कसे उद्ध्वस्त केले, हे जबलपूरला राहिलेल्या स्लीमनने लिहून ठेवले आहे. आणि १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतावर तांबेऱ्याची भयंकर साथ येऊन गेली होती. बियाणे आणि परिस्थिती यांच्या बिघडलेल्या मेळाची किंमत लोकांनी पोटाने मोजली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी खानखोजे नागपुरात होते.

त्यांच्या सल्ल्याचे चीज झाले असे म्हणता येत नाही. ते मेक्सिकोला परतले, आणि १९५५ साली कायमचे नागपूरला आले. ज्या गावातून ते तरुणपणी निघाले होते ते गाव आता त्यांना ओळखत नव्हते. सोबतीचे बहुतेक लोक फासावर, तुरुंगात किंवा परदेशांत संपले होते. पुढच्याच वर्षी प्रांताचे तुकडे झाले, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात. १ ऑक्टोबर १९६४ रोजी जबलपूरला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले, तेव्हा खानखोजे ऐंशीच्या घरात होते. आधारतालच्या त्या विश्वविद्यालयाने पुढे सोयाबीनची जी वाणे दिली, त्यांतील जेएस ३३५ हे वाण वर्ध्या-नागपूरच्या शेतांतही वर्षानुवर्षे पेरले गेले. प्रांत फुटला तरी बी सरहद्द मानत नाही.

मेक्सिकोत मागे राहिलेले कामही थांबले नव्हते. १९४३ साली रॉकफेलर प्रतिष्ठान आणि मेक्सिको सरकार यांचा संयुक्त कृषी कार्यक्रम चापिंगोलाच सुरू झाला, आणि दुसऱ्या वर्षी नॉर्मन बोरलॉग तेथे येऊन दाखल झाले. तांबेऱ्याला दाद न देणारे गहू त्यांनी निवडले. पुढे पुलमनच्या ऑर्व्हिल व्होगेल यांच्याकडून जपानी नोरिन-१० या बुटक्या गव्हाचे संकरित बी त्यांनी मागवले. खत दिले तरी न लोळणारा, दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणारा, म्हणून वेगवेगळ्या मुलखांत पिकणारा गहू त्यातून निघाला. पुलमन, चापिंगो आणि मग हिंदुस्थान : गव्हाने घेतलेली ही वाट तीच, जी खानखोजे यांनी आपल्या आयुष्यात आधी चालून संपवली होती. बोरलॉग यांचे काम त्यांच्या कामातून निघाले असे म्हणणे चुकीचे होईल. पण ज्या आवारात ते झाले, तेथे पीकसुधारणेचा पाया घालणाऱ्यांत हा वर्धेकर होता.

१९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षे कोरडी गेली. देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता. १९६६ साली भारत सरकारने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. लेर्मा रोहो आणि सोनोरा ही नावे खेड्यापाड्यांत पोहोचली. त्या रब्बीत ते बी भारतातल्या शेतांत ओंबीवर येत असताना, जानेवारी १९६७ मध्ये, डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे नागपुरात निधन झाले.

त्यांच्या कन्या सावित्री सॉनी यांनी वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले आणि इराणपासून मेक्सिकोपर्यंतचे विखुरलेले धागे बऱ्याच अंशी एकत्र आणले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात, ज्या आवारात त्यांनी मक्याच्या कणसांना पिशव्या बांधल्या होत्या तेथेच, त्यांचा पुतळा उभारला गेला. त्याचे अनावरण भारताच्या लोकसभेच्या अध्यक्षांनी केले.